चोळीबांगडी नको, वाटा हवा

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून देशभर औदार्याची चढाओढ लागली. क्रिकेट नियामक मंडळाने ५१ कोटी रुपयांचे पारितोषिक घोषित केले. महाराष्ट्र शासनाने स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये देऊन गौरविले. चौकाचौकांत फलक लागले. ‘महाराष्ट्राच्या लेकी’ हा शब्दप्रयोग मंत्र्यांच्या भाषणांत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एकसारखा घोळू लागला. हा गौरव अस्थानी होता, असे कोणीही सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. ज्यांनी कमावले त्यांना ते मिळालेच पाहिजे.

परंतु नोव्हेंबर हा यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात कापूस वेचणीचा महिना असतो. कमरेला ओटी बांधून तासावर तास ओळीत चालणाऱ्या मजुरांत बहुसंख्या बायकांची आणि मुलींची असते. शाळेच्या पटावर नाव असलेली मुलगी वेचणीच्या दिवसांत शेतावर दिसते, हे या कापूसपट्ट्यात कोणाला नवे नाही. शालेय क्रीडास्पर्धांचे वेळापत्रकही याच सुमारास भरात येते. पावसाळ्यात तालुक्याच्या स्पर्धा होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पुढच्या फेऱ्या दिवाळीच्या आगेमागे येतात. म्हणजे ज्या आठवड्यात एखाद्या चपळ मुलीने यवतमाळला किंवा अमरावतीला धावायला जायचे, त्याच आठवड्यात तिच्या हातांची घराला सर्वांत जास्त गरज असते. नवी मुंबईचा जल्लोष आणि घाटंजीची वेचणी यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय? असला तर तो कोणी जोडायचा? प्रश्न आहे तो हा.

लेक म्हटले की मराठी समाजाला चोळीबांगडी सुचते. सणावारी माहेरी आली की तिची ओटी भरायची, डोळ्यांत पाणी आणायचे आणि तिला सासरी धाडायचे. वडिलार्जित जमिनीतील वाटा मात्र तिने मागितला की तीच लेक घरबुडवी ठरते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायदा करून मुलींना तो वाटा दिला, तरी हक्कसोडपत्रावर सह्या घेणारे भाऊ अजून गावोगाव आहेत. क्रीडाक्षेत्रात नेमके हेच चालले आहे. विजेत्या लेकींना धनादेशाची चोळीबांगडी मिळते. मैदान, प्रशिक्षक, नोकरी आणि निर्णयाचा अधिकार हा जो खरा वाटा, त्याचा विषय निघाला की सत्कार समारंभ आटोपता घेतला जातो.

जो काही वाटा आजवर मिळाला, तो मात्र स्त्रीखेळाडूंनी मागून, भांडून, आपल्या कीर्तीची पुंजी पणाला लावून मिळवला. हा इतिहास सत्काराच्या भाषणांत सांगितला जात नाही, म्हणून तो सांगणे आवश्यक आहे.

पटावरचा प्रवेश

१९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर या तेरा वर्षांच्या मुलीने बुद्धिबळाच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. दोन वर्षांपूर्वीच महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली होती आणि तीत तिची थोरली बहीण वासंती विजेती ठरली होती. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी सुरुवातीच्या काळात महिलांचे विजेतेपद जणू घरातच ठेवले. यश मिळत होते, नाव होत होते. ‘महिलांच्या विभागात’ गुण्यागोविंदाने राहणे सोपे होते. रोहिणीने ते केले नाही. पुरुषांच्या पटावर मुलगी बसली म्हणताच गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यात तिची सरशी झाली. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्री म्हणून वगळता येणार नाही. मुंबईतील एका शाळकरी मुलीच्या हट्टातून जगभरच्या स्त्रियांसाठी एक नियम सुटला. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. परंतु त्या पदकापेक्षा १९७६ चा तो नियम मोठा, कारण पदक तिचे होते आणि नियम सर्वांचा होता.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बातुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताब मिळवला, तेव्हा विदर्भात फटाके वाजले. त्याआधी दीड वर्ष, जानेवारी २०२४ मध्ये, याच अठरा वर्षांच्या मुलीने नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिले होते, की प्रेक्षक आपल्या खेळाविषयी बोलण्याऐवजी कपडे, केस आणि उच्चार यांविषयी बोलतात. त्या वेळी फटाके वाजले नाहीत. विजय साजरा करण्यास सारे येतात. तक्रार ऐकण्यास आलेल्यांची संख्या मोजावी आणि मग ‘लेकी’ या शब्दाचा अर्थ ठरवावा.

खाडिलकर भगिनींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. त्यांचे वडील नीळकंठ खाडिलकर हे ‘नवाकाळ’चे संपादक होते. घरात शिक्षण होते, मुंबईसारखे शहर होते, न्यायालयाची पायरी चढण्याची ताकद होती. लढाईचे मोल यामुळे कमी होत नाही. पण ज्या मुलीच्या बापाकडे वृत्तपत्र नाही, सातबाऱ्यावर बोजा मात्र आहे, तिने हक्क मागायचा तर कोणाच्या बळावर, हा प्रश्न उरतोच.

भाकरीचा प्रश्न

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर डायना एडलजी यांनी दिले. भारतात महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये उभी राहिली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली. संघ होते तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या पिढीच्या मुलींनी आरक्षणाविना रेल्वेने प्रवास केला, शाळांच्या खोल्यांत जमिनीवर झोपून सामने खेळले आणि पदरमोड करून दौरे केले. अशा खेळात टिकणार कोण? ज्यांच्या घरी दोन वेळची ददात नाही त्याच. एडलजींनी हे ओळखले. भारताची नामांकित फिरकी गोलंदाज म्हणून मिळालेले वजन त्यांनी रेल्वेत महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या मिळाव्यात यासाठी वापरले. १९८० च्या दशकाच्या मध्यास रेल्वेचा महिला संघ उभा राहिला आणि पुढील अनेक वर्षे देशांतर्गत स्पर्धांवर त्याने राज्य केले.

या एका गोष्टीने जे साधले ते शंभर प्रेरणादायी व्याख्यानांनी साधले नसते. कारकुनाची का होईना, पण कायम नोकरी, महिन्याचा पगार, सरावासाठी सवलत आणि प्रवासाचा पास एवढे मिळाल्यावर निम्नमध्यमवर्गीय घरातील मुलगी लग्नाच्या वयानंतरही खेळू शकली. बापाला सांगता आले, की मुलगी कमावती आहे. २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या पंधरा जणींच्या संघात दहा जणी रेल्वेच्या नोकरीत होत्या. नफ्याचा हिशेब करणाऱ्या एखाद्या उद्योगसमूहाने ही मशागत केली नव्हती. ती सार्वजनिक क्षेत्राने केली होती. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे पांढरा हत्ती, असे ज्यांना वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. रेल्वेतील कायम जागा कमी करून कंत्राटी पद्धत आणणाऱ्यांनी पुढील विश्वविजेत्या कोठून येणार, याचेही उत्तर द्यावे.

पंजाबमधील मोगा येथून आलेल्या हरमनप्रीत कौर यांना पश्चिम रेल्वेत नोकरी मिळावी यासाठी एडलजींनी खटपट केली, हे सर्वश्रुत आहे. ते काम व्हावे म्हणून अखेर सचिन तेंडुलकर यांचे शिफारसपत्र लागले, हेही तितकेच सर्वश्रुत आहे. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री मिळालेल्या, देशाचे नेतृत्व केलेल्या स्त्रीचा शब्द पुरेसा ठरू नये, त्याला पुरुषाच्या कीर्तीचे तारण लागावे, यात तेंडुलकरांचा दोष काही नाही. त्यांनी चांगलेच केले. दोष आहे तो दोन कीर्तींची किंमत वेगळी लावणाऱ्या बाजाराचा आणि व्यवस्थेचा. त्याच हरमनप्रीत कौर नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक हाती घेऊन उभ्या होत्या. त्या छायाचित्रात रेल्वेची नोकरी दिसत नाही, म्हणून ती नव्हतीच असे समजणे हा कृतघ्नपणा ठरेल.

दाराबाहेरून दारात

१९८६ मध्ये भारतीय महिला संघ इंग्लंडला गेला तेव्हा एडलजींना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी तो अपमान मुकाट्याने गिळला नाही. त्या क्लबच्या पुरुषी अहंकाराची जाहीर खिल्ली उडवली. त्या क्लबला स्त्रियांना सभासद करून घेण्याची सुबुद्धी सुचली ती १९९८ मध्ये. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या देशाची ही कथा, तर आपल्याकडील मंडळांनी निराळे वागावे अशी अपेक्षा कोणी करावी?

२००५ मध्ये भारतीय महिला संघ विश्वचषकात उपविजेता ठरला, तेव्हा सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचे मिताली राज यांनी सांगितले आहे. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी या माजी कर्णधार महिला संघटनेच्या सचिव असताना, २००६ मध्ये, ही संघटना नियामक मंडळात विलीन झाली. धनाढ्य मंडळाच्या दारात जाऊन हक्काची जागा मागणे हे सोपे काम नव्हते आणि विलीनीकरणानंतरही स्त्रियांना केंद्रीय करार मिळण्यासाठी २०१५ उजाडावे लागले. २०१७ ते २०१९ या काळात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकीय समितीत एडलजी या एकट्या स्त्री होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचे मानधन स्त्रीपुरुषांना समान झाले: कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख आणि वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख रुपये. समतेचा जयजयकार झाला. परंतु २०२४-२५ च्या वार्षिक करारांत पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीस ७ कोटी आणि स्त्रियांच्या सर्वोच्च श्रेणीस ५० लाख रुपये होते. रोजंदारी समान आणि पगार चौदापट कमी, असा हा समतेचा हिशेब आहे. शेतमजुरीचे दर ठाऊक असलेल्या घाटंजीच्या बाईला तो समजावून सांगावा लागणार नाही.

अमेरिकेत बिली जीन किंग यांनी १९७२ ची अमेरिकन टेनिस स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांना १० हजार डॉलर मिळाले आणि पुरुष विजेत्यास २५ हजार. पुढील वर्षी हा भेद राहिला तर आपण खेळणार नाही, असे त्यांनी बजावले आणि १९७३ मध्ये बक्षिसे समान झाली. त्याच वर्षी त्यांनी खेळाडू स्त्रियांची संघटना उभी केली. तीन वर्षांपूर्वी नऊ जणींनी एकेका डॉलरचा प्रतीकात्मक करार करून प्रस्थापित संघटनेशी वैर पत्करले होते, त्या बंडाचे हे फळ. तेथील शाळा-महाविद्यालयांत मुलींचा खेळ फोफावला तो मात्र १९७२ च्या एका कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगभेद करता कामा नये, हे त्या कायद्याने ठरवून दिले. वैयक्तिक कीर्ती, संघटना आणि कायदा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच दार उघडले. नुसत्या कीर्तीने ते कोठेही उघडलेले नाही.

गरिबांचे खेळ आणि बाजार

क्रिकेटच्या पलीकडे पाहिले म्हणजे चित्र अधिक विदारक दिसते. कबड्डी आणि खो-खो हे महाराष्ट्राच्या मातीतील खेळ. त्यांना बूट लागत नाहीत, साहित्य लागत नाही. म्हणून गरीब घरच्या मुली याच खेळांत येतात. भारतीय महिलांनी आशियाई स्पर्धेत २०१० आणि २०१४ मध्ये कबड्डीचे सुवर्णपदक मिळवले, २०१२ मध्ये पाटण्याला विश्वचषक जिंकला. महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि व्यावसायिक कबड्डीची लीग २०१४ मध्ये सुरू झाली ती पुरुषांपुरतीच! स्त्रियांच्या वाट्याला २०१६ मध्ये तीन संघांची एक लहानशी स्पर्धा आली. पुरुषांच्या सामन्यांना तोंडी लावण्यापुरती ती होती आणि तिचा विस्तार झाला नाही. खो-खोची लीग २०२२ मध्ये निघाली तीही पुरुषांचीच. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. बाजाराला गुणवत्ता कळते, असे ज्यांचे तत्त्वज्ञान आहे, त्यांनी या दोन खेळांचा हिशेब मांडून दाखवावा. विश्वविजेत्या स्त्रियांना लीग नाही, याचे कारण गुणवत्तेत शोधून सापडणार नाही.

धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने खो-खोचे सुवर्णपदक मिळवले. घरच्या दारिद्र्यामुळे जवळपास दहा वर्षे दिवसाकाठी एकदाच जेवण मिळत असे, हे त्यांनीच सांगितले आहे. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. ही घटना वृत्तपत्रांनी ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून छापली आणि पान उलटले. वास्तविक तिच्यात धोरणाचे बीज आहे. उपाशी पोटी खेळलेली स्त्री तालुक्याच्या क्रीडा कार्यालयात अधिकारी म्हणून बसली, तर मैदानावर आलेली मुलगी सकाळी काय खाऊन आली आहे, हे तिला विचारावेसे वाटेल. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. पुढे त्या राज्याच्या महसूल सेवेत दाखल झाल्या. खेळाडू स्त्रिया अशा सत्तेच्या जागी पोहोचणे, हा सत्कारापेक्षा मोठा लाभ आहे.

परंतु तेथेही वाटेकरी कोण हे पाहिले जाते काय? नाशिक जिल्ह्याच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले; राष्ट्रकुलात धावपथावरचे वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव त्यांना हौसेने देण्यात आले. २०२४ मध्ये त्याच कविता राऊत यांनी जाहीर तक्रार केली, की आदिवासी असल्यामुळे शासकीय नोकरीच्या बाबतीत आपणास डावलले जात आहे. गाडीचे नाव देऊन टाळ्या वाजवणारे त्या वेळी कोणत्या फलाटावर उभे होते?

हे कवितांनी स्वतःपुरते मागितले, असे म्हणून चालणार नाही. घाटंजी, केळापूर, झरी या पट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम वस्ती आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना अतिमागास म्हणून होते त्यांत कोलाम आहेत. कोलाम पोडावरील मुलीने धावावे असे कोणाला वाटत असेल, तर तिच्या बापाला आधी हे दिसले पाहिजे, की सावरपाड्याची मुलगी धावली आणि तिला मानाने पद मिळाले. अन्यथा तो मुलीला धावायला का पाठवील?

मानाचा आणि भयाचा प्रश्न

पाठवण्याच्या आड आणखी एक गोष्ट येते आणि ती बोलण्याचे टाळले जाते. जानेवारी २०२३ मध्ये ऑलिंपिक पदकविजेत्या साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि त्यांचे सहकारी दिल्लीत जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप त्यांनी केले. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाचे उद्घाटन चालू असताना, पोलिसांनी या पदकविजेत्यांना ओढून नेले. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होईल. पण कारकीर्दीच्या ऐन भरात या स्त्रियांनी आपली सारी कीर्ती अशा मुलींसाठी पणास लावली, की ज्यांचे नावही कोणाला ठाऊक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साक्षी मलिक यांनी आपले बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. कीर्तीचा विनियोग म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी दाखवले नाही, आणि त्याची किंमतही कोणी इतकी मोजली नाही.

२०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती बंधनकारक केली. त्या कायद्यातील कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि क्रीडासंकुल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तालुक्याच्या क्रीडासंकुलाच्या भिंतीवर मंत्र्यांच्या नावाची कोनशिला असते. तक्रार कोठे करावी हे सांगणारा फलक आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात जाऊन पाहावे. प्रशिक्षकाबरोबर परगावी मुलगी पाठवताना जी आई रात्रभर जागते, तिला मागासलेली म्हणण्यापूर्वी हा फलक लावला पाहिजे.

मैदान ही चैन नव्हे

या सर्वांवर एक आक्षेप डाव्या विचारांच्या माणसांकडूनही घेतला जातो. यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला. तेथे कापसाला भाव नाही, पोटाला आधार नाही. तेथे मुलींच्या खेळाचा प्रश्न काढणे म्हणजे उपाशी माणसाला अत्तर लावण्यासारखे आहे. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी चुकीचा आहे. कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला तो केवळ मजुरीसाठी नव्हता. दिवसाचे काही तास आपल्या मालकीचे असावेत यासाठीही तो होता. खेड्यातील मुलीचा एकही तास तिच्या मालकीचा नसतो. पाणी, सरपण, धाकटे भावंड, निंदण, वेचणी आणि चूल यांत तिचा दिवस वाटला गेलेला असतो. भावाला संध्याकाळी क्रिकेट खेळताना कोणी हटकत नाही. तिच्या हाती खेळाचा चेंडू दिसला की घरात काम आठवते. मैदान मागणे म्हणजे तिच्यासाठी दिवसाचा एक तास आणि स्वतःच्या देहावरची सत्ता मागणे होय. हा प्रश्न भाकरीच्या प्रश्नानंतर येत नाही. त्याच्या बरोबरीने येतो.

दुसरा आक्षेप असा, की नामवंत खेळाडू स्त्रियांनी खेड्यात येऊन हे काम करावे. हे म्हणणे सोयीचे आहे आणि अन्यायाचेही. पुरुष खेळाडूने पदक आणले की त्याचे ऋण फिटले. स्त्रीने मात्र पदकही आणावे आणि समाजही सुधारावा! एडलजी, खाडिलकर, मलिक, राऊत यांनी आपापल्या परीने जे मागायचे ते मागितले. त्यांच्या कीर्तीने जे दार ढकलले ते उघडे ठेवण्याचे काम शासनाचे आणि संघटित लोकांचे आहे.

आणि त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावे आणि शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक असावा, असे लिहिलेले आहे. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने तालुक्यास क्रीडासंकुल देऊ केले. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. कागदावर सारे आहे. पण एसटीची फेरी शाळा सुटण्याच्या वेळेला बांधलेली असते. सरावाला थांबलेल्या मुलीने अंधारात आपल्या गावी जायचे कसे, याचा विचार त्या वेळापत्रकात नाही. संकुलाचे मैदान संध्याकाळी मुलांनी व्यापलेले असते. मुलींसाठी राखीव वेळ नाही, स्त्री-प्रशिक्षक नाही, कपडे बदलायला खोली नाही, अशा जागी मुलगी येत नाही. आणि मग अहवालात लिहिले जाते, की मुलींचा प्रतिसाद अल्प आहे.

म्हणून सत्कारासाठी धनादेश लिहिणाऱ्या शासनाकडे घाटंजीसारख्या प्रत्येक तालुक्याने पुढील गोष्टी हक्काने मागाव्यात. क्रीडासंकुलावर मुलींसाठी रोज ठरावीक तास आणि किमान एक स्त्री-प्रशिक्षक, कायम पगारावर. सरावानंतर सुटणारी एसटीची एक फेरी. सरावाला येणाऱ्या मुलीला शाळेतच पोटभर, पौष्टिक अल्पोपाहार. वेचणीच्या दिवसांत स्पर्धेला जाणाऱ्या गरीब घरच्या मुलीच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई. तक्रार समितीचा फलक, नावांसहित. आणि तालुक्यातील किती मुली मैदानावर आल्या, किती टिकल्या, त्यांत कोलाम, गोंड, दलित, भटक्या घरच्या किती, याचा दरवर्षी ग्रामसभेपुढे जाहीर हिशेब. एका विश्वविजेतीच्या सत्कारावर जे खर्च होते, त्यात हे सारे काही तालुक्यांत वर्षभर चालू शकेल. पैसा नाही ही सबब येथे चालणार नाही. इच्छा नाही, एवढेच म्हणता येईल.

अशा मागण्या करणाऱ्यांना विचारले जाईल, की तुमच्या तालुक्यातून अशी कोणती विजेती निघाली आहे? या प्रश्नातच सारी लबाडी आहे. आधी पदक आणा, मग मैदान देतो, असे सांगणे म्हणजे आधी पीक दाखव, मग पेरायला बियाणे देतो, असे शेतकऱ्याला सांगण्यासारखे आहे. मैदान विजेत्यांसाठी नसते. ते मुलींसाठी असते. त्यांपैकी शंभरातली एक विजेती होईल, नव्याण्णव होणार नाहीत, आणि त्या नव्याण्णव जणी धावल्या, हसल्या, घामाघूम होऊन घरी परतल्या, यातच त्या मैदानाचे सार्थक आहे.

लेक म्हणवून घेण्यास मुलींची हरकत नाही. त्यांनी आता फक्त एवढेच म्हणायचे आहे, की ओटी भरून झाली असेल, तर सातबारा काढा.